दोन घरांतले पत्र



नट, गायक, नाटककार, सिनेमावाले यांनी एकमेकांना लिहिलेली सहीनिशी पत्रे जमवणे हा मोलाचा छंद आहे. अडचण एवढीच, की संग्राहकाची नजर आधी कागदाच्या तळाशी जाते आणि बहुधा तिथेच थांबते. खरे तर सही सांगते फक्त कोणी लिहिले ते. कोणाला लिहिले, कशाच्या उत्तरात लिहिले आणि पुढे काय झाले, हे कळायला समोरच्याचे पत्र लागते, आणि ते दुसऱ्याच घरात असते. म्हणून वऱ्हाडाने सुट्या सह्यांच्या मागे न लागता पत्रव्यवहार जमवावा, असे माझे म्हणणे आहे.

वऱ्हाडाने हे करावे यालाही कारण आहे. 1905 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या भागात वकिली सांभाळून नाटके लिहिली. ती रंगभूमीवर आणली किर्लोस्कर मंडळीसारख्या कंपन्यांनी. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ 1913 मध्ये केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने केले आणि ‘रणदुंदुभी’ 1927 मध्ये बलवंत संगीत मंडळीने. ‘रणदुंदुभी’तली पदे वामनरावांची, चाली वझेबुवांच्या आणि गळा मास्टर दीनानाथांचा. लेखक वऱ्हाडात, कंपनी मात्र आज एका मुक्कामी तर महिन्याने दुसऱ्या. पद चालीत बसत नाही, प्रवेश लांबतो, पैसे कधी पोचतील, असली बोलणी टपालावाचून होणे कठीण. आणि टपालाची रीतच अशी, की आपण लिहिलेले पत्र आपल्या घरी उरत नाही. उरते ते आपल्याला आलेले. वामनरावांच्या हातचे काही शोधायचे तर कंपनीवाल्यांच्या वारसांकडे जायला हवे, आणि कंपनीवाल्यांच्या हातचे शोधायचे तर इथल्या माळ्यांवरच्या ट्रंका उघडायला हव्यात. बलवंत मंडळी 1918 मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी काढली. बोलपटांच्या काळात ती मोडली. फिरत्या बिऱ्हाडाचे दप्तर सांभाळायला कायमचा पत्ता कुठून असणार? अशा कंपनीची हकीकत कुठे शाबूत असेलच, तर ती जिथे तिची पत्रे आली त्या घरांत.

सहीवर विसंबणे आणखी एका कारणाने धोक्याचे आहे. सहीची नक्कल सरावाने जमते. पाकिटावरचा काळ मात्र सहज जुळवता येत नाही. पत्त्यात अकोल्यापुढे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल तर पत्र 1950 च्या आधीचे असावे. ‘मध्य प्रदेश’ असेल तर 1950 ते 1956 मधले, ‘मुंबई राज्य’ असेल तर त्यानंतरच्या साडेतीन वर्षांतले, आणि ‘महाराष्ट्र’ असेल तर 1 मे 1960 नंतरचे. सवयीने जुने नाव लिहिणारे असतात, म्हणून टपालाचा शिक्का पाहावा, तिकीट पाहावे. आण्यांची तिकिटे 1957 पर्यंतची. पिनकोड आला 1972 मध्ये. 1930 सालच्या म्हणून दाखवलेल्या पत्रावर बॉलपेनची शाई दिसली तर पुढे बोलायलाच नको. इतका पुरावा अंगावर वागवणारे पाकीट आपण फेकून देतो आणि सही कापून फ्रेममध्ये बसवतो!

यावर पहिला आक्षेप खासगीपणाचा. कलावंतांचे मतभेद, उधाऱ्या, जिव्हाळे चव्हाट्यावर का आणायचे? आक्षेप रास्त आहे. एलन टेरी ही नटी 1928 मध्ये वारली आणि 1931 मध्ये तिचा व नाटककार बर्नार्ड शॉचा पत्रव्यवहार छापला गेला, तेव्हा तिचा मुलगा गॉर्डन क्रेग दुखावला होता. पण त्या पुस्तकात दोन्ही बाजूंची पत्रे होती, म्हणूनच वाचकाला एकतर्फी कुजबुजीऐवजी दोन कलावंतांचा रंगभूमीवरचा विचार मिळाला. आपला कायदाही भेद करतो: कागद ज्याला पत्र आले त्याचा, मजकुरावरचा प्रताधिकार लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. तेव्हा जपणे आणि छापणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. आज जपावे, वारसांच्या संमतीने, ठरल्या मुदतीनंतर खुले करावे.

दुसरा आक्षेप बाजाराचा. सहीला भाव आला नसता तर ही पत्रे रद्दीत गेली असती, असे संग्राहक म्हणतात. यात तथ्य आहे आणि त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण बाजाराला गठ्ठा फोडण्यात फायदा दिसतो. दहा पत्रे दहा गिऱ्हाइकांकडे गेली की संवाद संपला. 2012 मध्ये गांधीजी आणि त्यांचे स्नेही कालेनबाख यांच्यासंबंधीचे कागद लंडनमध्ये लिलावाला निघाले, तेव्हा भारत सरकारने लिलावाआधीच तो संग्रह एकत्र विकत घेतला. तोच न्याय इथे लावावा. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे वाङ्मयीन वा ऐतिहासिक मोलाचा कागद पंचाहत्तर वर्षांचा झाला की तो पुरावस्तू ठरतो आणि खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. उरला प्रश्न मोबाइलवर फोटो काढून भागवण्याचा. फोटोत मजकूर वाचता येतो. कागदाची जात आणि शाईचा मुरलेपणा त्यात पुरता येत नाही. मूळ कागद राखून वाचकाच्या हाती प्रत द्यायला मात्र तो फार कामाचा.

म्हणून आपल्या गावोगावच्या वाचनालयांनी एक साधी वही घालावी: कोणाचे पत्र, कोणाला, तारीख, ते सध्या कोणाकडे आणि त्याची जोडी कुठे असण्याचा संभव. मूळ पत्र घरच्यांकडेच राहू द्या, नोंद तेवढी वाचनालयात येऊ द्या. अमरावतीची नोंद अकोल्याला कळवा, अकोल्याची अमरावतीला. पुण्या-मुंबईच्या जोड्या त्यातूनच सापडतील. घरच्यांना माझी विनंती एवढीच: यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक निघाली, तर गठ्ठ्याची दोरी सोडू नका, फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, पाकिटे फेकू नका. आधी ग्रंथपालाला बोलवा.