पाण्याखालचीं माणसें



शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितांना आर्किमिडीजचा सिद्धान्त आला म्हणजे मी कांचेच्या बरणींत पाणी घेऊन तींत एक लहानशी कुपी उपडी सोडीत असें. बरणीच्या तोंडाला रबराचा पडदा घट्ट बांधलेला असे. पडदा बोटानें दाबला कीं कुपींत थोडें पाणी शिरे व ती तळाशीं जाई. बोट उचललें कीं ती पुनः वर येई. पाणबुडीचें सारें रहस्य या खेळांत आहे, असें मी मुलांना सांगे व तास संपे. एका वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "मास्तर, बोट उचललेंच नाहीं तर आंतल्या माणसांनीं काय करावें?" वर्ग हंसला. खरें सांगावयाचें तर मीहि हंसलों. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रयत्न आज करणार आहें.

प्रथम त्या नौकेची थोडी ओळख करून घेऊं. पाणबुडीला मोठ्या टाक्या असतात. त्यांत समुद्राचें पाणी घेतलें कीं नौका जड होऊन बुडते. दाबून सांठविलेल्या हवेनें तें पाणी बाहेर लोटलें कीं ती हलकी होऊन वर येते. दुसऱ्या महायुद्धांतील पाणबुड्यांचीं यंत्रें डिझेल तेलावर चालत व त्यांना हवा लागे. म्हणून त्या बहुतेक प्रवास पृष्ठभागावरूनच करीत. पाण्याखालीं गेल्यावर विजेच्या घटांवर काम भागवावें लागे, आणि घट रिकामे झाले म्हणजे वर येण्यावांचून गत्यंतर नसे. तेव्हां त्या पाणबुडीला माशापेक्षां श्वास कोंडून बुडी मारणाऱ्या पोहणाराची उपमाच अधिक शोभेल.

अशा नौकेंत माणसें कशीं राहत? जर्मन आरमाराच्या नेहमींच्या पाणबुडीची लांबी सुमारें ६७ मीटर असे व तींत ४४ ते ५० माणसें असत. प्रत्येकाला स्वतंत्र बिछाना मिळत नसे. एकजण पहाऱ्यावर गेला कीं दुसरा त्याच्याच ऊबदार अंथरुणावर येऊन पडे. निघतेवेळीं नौका अन्नानें इतकी भरलेली असे कीं दोन शौचकूपांपैकीं एकांतहि डबे रचून ठेवीत. गोडें पाणी पिण्यापुरतें; म्हणून स्नान आणि स्वच्छ कपडे हीं आठवडेच्या आठवडे विसरावीं लागत.

खरी परीक्षा शत्रूच्या विनाशिका माथ्यावर आल्या म्हणजे होई. विनाशिका ध्वनिलहरी पाठवून पाणबुडीचा ठाव घेत आणि पिंपाच्या आकाराचीं स्फोटकें खालीं सोडीत. अशा वेळीं आंतले पंखे बंद होत, माणसें कुजबुजत बोलत, आणि ज्यांना काम नसे ते हवा कमी खर्च व्हावी म्हणून निजून राहत. माथ्यावरून जाणाऱ्या जहाजाच्या पंख्याचा आवाज नुसत्या कानांनीं ऐकूं येई. मग स्फोट होत. दिवे फुटत, नळांचे सांधे गळूं लागत. प्रत्युत्तर देण्याचें साधन हातीं नसे. करावयाचें असे तें एकच, वाट पाहणें. त्या युद्धांत जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारें ४०,००० माणसांपैकीं सुमारें ३०,००० परत आलीं नाहींत. म्हणजे चौघांतले तिघे. अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या व सुमारें ३,५०० माणसें गेलीं.

या साऱ्या संकटांत एक संकट असें आहे कीं ज्यांत शत्रूचा हात मुळींच नसतो. त्याची हकीकत मुद्दाम सांगतों.

अमेरिकेच्या आरमारांत 'टँग' नांवाची पाणबुडी १९४३ च्या आक्टोबरांत दाखल झाली. तिचा कप्तान रिचर्ड ओकेन. पुढील एका वर्षांत तिनें जपानचीं इतकीं जहाजें बुडविलीं कीं तिची गणना अगदीं पहिल्या प्रतीच्या नौकांत होऊं लागली. पण तिनें केवळ बुडविण्याचेंच काम केलें असें नाहीं. १९४४ सालीं ट्रक बेटांच्या अगदीं जवळ जाऊन तिनें समुद्रांत पडलेले २२ वैमानिक वेंचून घेतले व सुखरूप परत आणले.

पांचव्या फेरीवर ती निघाली तेव्हां तिच्याजवळ २४ पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, होते. २४ आक्टोबरच्या रात्रीं फॉर्मोसाच्या, आज ज्याला तैवान म्हणतात त्या बेटाच्या, सामुद्रधुनींत तिनें एका जपानी काफिल्यावर पृष्ठभागावरून हल्ला चढविला. मध्यरात्र उलटून गेली. शेवटचे दोन पाणतीर उरले. ते एका घायाळ होऊन थांबलेल्या जहाजावर सोडावयाचे, आणि मग घरची वाट धरावयाची. तेविसावा सरळ गेला. चोविसावा पाण्याबाहेर उसळला, डावीकडे वळला आणि वर्तुळ काढीत ज्या नौकेनें त्याला सोडलें तिच्याकडेच परत येऊं लागला. त्याचें सुकाणू अडकलें असावें. ओकेननें नौका पूर्ण वेगानें बाजूला काढण्याची शिकस्त केली. पण सुमारें वीस सेकंदांत तो पाणतीर तिच्या मागच्या अंगावर येऊन आदळला. नौकेवर ८७ माणसें होतीं.

वर उभे असलेले ९ जण समुद्रांत फेंकले गेले. नौकेचा मागचा भाग पाणी भरून तळाशीं टेकला व पुढचें टोंक वर राहिलें. आंत जिवंत राहिलेल्यांनीं टाक्यांत पाणी घेऊन तिला तळावर आडवी बसविली, गुप्त कागद जाळले, आणि सुमारें ३० जण पुढच्या खोलींत जमा झाले. खोली १८० फूट.

येथें थोडें गणित करूं. दर ३३ फुटांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. १८० फुटांवर तो पृष्ठभागाच्या सुमारें साडेसहापट होतो. अशा पाण्यांत दार उघडणें माणसाच्या शक्तीबाहेरचें आहे. म्हणून तीनचार जणांनीं एका लहान कोठडींत उभें राहावयाचें, तींत समुद्राचें पाणी चढूं द्यावयाचें, आणि कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका झाला कीं दार उघडून निघावयाचें. छातीवर प्राणवायूची रबरी पिशवी. वर जातांना श्वास सोडीत हळूहळू जावयाचें. कारण श्वास रोखून वेगानें वर गेल्यास आंतील हवा प्रसरण पावून फुप्फुसें फाटतात. माझ्या बरणींतील कुपीलाहि हाच नियम लागू होता. फरक इतकाच कीं कुपीला फुप्फुसें नव्हतीं.

इकडे जपानी गस्तीनौकांच्या स्फोटकांनीं नौका हादरत होती. विजेच्या घटांजवळ आग लागली व तिच्या उष्णतेनें मधल्या भिंतीवरील रंग वितळून ओघळूं लागला. तरीहि पाळीपाळीनें माणसें कोठडींत शिरत राहिलीं. १३ जण बाहेर पडले. त्यांपैकीं ५ जण मदत मिळेपर्यंत तरंगत राहूं शकले. वरून फेंकले गेलेल्यांपैकीं ३ वांचले, आणि मधल्या मनोऱ्यांत कोंडलेल्या हवेच्या आधारानें एक अधिकारी निसटला. ८७ पैकीं अवघे ९.

त्यांना एका जपानी गस्तीनौकेनें उचलून घेतलें. तिच्यावर अगोदरच कांहीं माणसें होतीं. 'टँग'नें बुडविलेल्या जहाजांवरचे भाजलेले, जखमी झालेले खलाशी. त्यांनीं या कैद्यांना लाथांनीं व दांडक्यांनीं बडविलें. ओकेननें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, मारणारे लोक आपल्याच पाणतीरांनीं होरपळलेले आहेत हें ध्यानांत आल्यावर तो मार सोसतांना मनांतील कडवटपणा कमी झाला. हे नऊहि जण बंदिवास भोगून १९४५ मध्यें सुटले. १९४६ सालीं ओकेनला त्याच्या देशाचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें. तें त्याला शोभलें, यांत शंका नाहीं. पण मला त्याचें तें एक वाक्य पदकाहून मोठें वाटतें. तोंपर्यंत शत्रू म्हणजे दुर्बिणींतून दिसणारी जहाजाची काळी आकृति. त्या डेकवर त्या आकृतीला प्रथमच माणसाचा चेहरा आला.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. बोट उचललें गेलें नाहीं तर आंतल्या माणसांनीं काय करावें? त्यांनीं काय केलें, एवढेंच मी सांगूं शकतों. त्यांनीं नौका सपाट बसविली, कागद जाळले, रांग लाविली आणि शेजाऱ्याला पिशवी बांधण्यास हात दिला. यानें सर्वांचे प्राण वांचले नाहींत. जे वांचले ते या शिस्तीमुळें, व कांहीं अंशीं दैवामुळें.

तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तो हें भाषण ऐकत असेल तर माझें त्याला इतकेंच सांगणें आहे कीं त्या दिवशीं वर्गानें हंसावयास नको होतें, आणि मास्तरानें तर मुळींच नको होतें. अनेक वर्षें मीं मुलांना ती बरणी दाखविली. कुपींत माणसें असतात, हें मात्र त्या एका मुलाखेरीज कोणालाच सुचलें नाहीं.