बंद ओढून पाहा
(स्त्री-संघाच्या सभेत केलेले भाषण)



मला आज ‘आदिवासी भगिनींमधील सेवा’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. मी मात्र एका पिशवीबद्दलच बोलणार आहे. ही बघा. हातात घेऊन पुढे द्या, मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या.

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचा शिवणवर्ग आहे. पावरा आणि भिल्ल घरांतल्या बाया येतात. दिवाळी झाली की तिथली बरीच घरं बंद होतात, कारण नवरा-बायको ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पोरंही बरोबर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मग मागे फिरता येत नाही. पोरांची शाळा तिथंच सुटते. शिवणवर्ग काढण्यामागे माझा हेतू एवढाच होता की दोन-चार घरांचं तरी दिवाळीनंतर कुलूप लागू नये.

गेल्या वर्षी पावसाळा संपताना एका शहरातल्या मंडळीने ख्रिस्तजन्माच्या सणासाठी 60 पिशव्या मागवल्या. मला आकाश ठेंगणं झालं. बायांना सांगितलं, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पिशव्या पोचल्याच पाहिजेत. एका तरुण बाईने त्या कामाच्या भरवशावर उचल घेतली नाही. तिची मुलगी तिसरीत होती.

आता मी काय केलं ते सांगते, कारण चूक माझी आहे. मांजरपाट कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्या धुण्यालाच तो आटतो आणि अस्तर बाहेर फुगतं. मी म्हटलं, भिजवायला वेळ नाही. कच्चे टाके घालून मगच पक्की शिलाई करायची असते. मी म्हटलं, टाचण्यांवर भागवा. बंद शिवणीत खोल घेऊन त्यावर चौकोन आणि आत फुली मारायची असते, म्हणजे ओझं एका टाक्यावर येत नाही. मी म्हटलं, दोन टिपा पुरेत. बाया माझ्याकडे बघत होत्या, पण ताईंना कोण सांगणार?

आणखी एक. नमुना म्हणून मी त्यांना वारली चित्रांचा कागद दिला. शहरात ‘आदिवासी’ म्हटलं की लोक वारली चित्रच मागतात. पण वारली लोक पालघर-डहाणूकडचे. सातपुड्यातल्या या बायांनी ती चित्रं कधी काढलेली नाहीत. तरी त्यांनी मुकाट्याने गिरवली.

पिशव्या वेळेवर गेल्या. जानेवारीत 23 परत आल्या. शास्त्र आणि गीतपुस्तक घातल्यावर बंद निसटले होते. काही धुतल्यावर आकसल्या होत्या. सोबतचं पत्र अगदी सौम्य होतं, म्हणून ते वाचताना जास्त लागलं. त्या मंडळीचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्यांना पैसे परत देऊन बायांना वाटायला फारसं उरलं नाही, आणि नवीन काम हातात नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती तरुण बाई नवऱ्यासोबत उशिराच्या एका टोळीत निघून गेली. मुलगीही गेली. निघताना ती मला काही बोलली नाही. मी प्रार्थनेला बसले की ते न बोलणंच ऐकू यायचं.

होळीला ती परत आली. तिकडे होळीला माणूस कुठूनही घरी येतो. चार दिवसांनी वर्गात येऊन म्हणाली, “ताई, त्या पिशव्या कुठं आहेत?” मी कपाटातून गठ्ठा काढला. तिने कातर मागितली नाही, ब्लेडचा तुकडा घेतला आणि उसवायला बसली. बखिया इतकी नेटकी उसवत होती की कापडाला भोक पडत नव्हतं. मला वाटलं होतं, फेकून नवं करू. ती म्हणाली, “कापड चांगलं आहे. घाई वाईट होती.”

दुपारी तिने आपल्या घरची गोधडी आणून दाखवली. तिच्या सासूने शिवलेली. जुन्या लुगड्यांचे थर आधी जमिनीवर पसरायचे, हाताने सुरकुत्या मोडायच्या, लांब-लांब कच्चे टाके घालायचे. मग कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. मोहाची फुलं वेचायचा हंगाम आला की ती गुंडाळून ठेवायची, आमचुरासाठी कैऱ्या सोलायच्या दिवसांत हात लावायचा नाही, पावसात पुन्हा काढायची. तुकडा कुठला कुठे लावायचा हे सासू आधी ठरवत नसे. मांडून ठेवायची, घरातली कामं करताना येता-जाता बघायची, एखादा उचलून दुसरीकडे ठेवायची. हे शिवणं त्यांना आधीपासून येत होतं. मी मात्र त्यांना शिवण शिकवायला गेले होते!

आपल्याकडे शिवणाचा विषय निघाला की टबीथाचंच नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. पण मला त्या दिवसांत निर्गम आठवलं. धर्मज्ञानाच्या पदविकेसाठी शिकत असताना निवासमंडपाच्या मापांचे अध्याय मी भराभर उलटत असे. पडदा 28 हात लांब, 4 हात रुंद, कडेला 50 बिरडी. परीक्षेला येतं म्हणून पाठ केलं, एवढंच. आता ते एखाद्या शिंप्याच्या वहीसारखं वाचते. रानात तंबूंतून राहणाऱ्या लोकांकडून देव घाईचं काम करून घेत नाही, बिरडी मोजायला लावतो. आणि 31व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराला देव आपल्या आत्म्याने भरतो, तो कशासाठी? हाताच्या कामासाठी. संदेश देण्यासाठी नव्हे. आम्हा बोलणाऱ्यांना हे जरा जड जातं.

तर ही पिशवी त्या 23 मधली एक आहे. उसवलेलं कापड भिजवलं, वाळवलं, पुन्हा कापलं. म्हणून ती मूळ मापापेक्षा थोडी लहान आहे. खिशावर वारली चित्र नाही. ती बाई दोन दिवस कोरा तुकडा मांडीवर घेऊन दारात बसली होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, बघते. मला गप्प बसणं किती कठीण गेलं! तिसऱ्या दिवशी तिने निळ्या दोऱ्याने धावदोरा घालायला सुरुवात केली, आणि एकामागे एक डोंगरांच्या ओळी आल्या. पाच ओळी. मी म्हटलं, सातपुडा आहे ना, मग सात घाल. ती म्हणाली, “आमच्या दारातून पाचच दिसतात.”

एका पिशवीला अडीच दिवस लागतात. घरकाम, शेत, पाणी सांभाळून ते आठवडाभर होतात. म्हणून आपल्याकडे माझी विनंती आहे. सणासाठी पिशव्या हव्या असतील तर जूनमध्ये सांगा, आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या, म्हणजे दिवाळीला मुकादम दारात येईल तेव्हा त्या घरात काही शिल्लक असेल. नमुना आम्ही ठरवू. दोन पिशव्या सारख्या नसतील. डिसेंबरात फोन करून “लगेच 40 मिळतील का” असं विचाराल तर मी नाही म्हणेन. राग मानू नका. मला ‘नाही’ म्हणायला फार उशिरा जमलं.

तिची मुलगी सध्या चौथीत बसते. मधले महिने बुडाल्यामुळे पाढे कच्चे आहेत, ते संध्याकाळी वर्गात करून घेतो. या दिवाळीला ते घर थांबेल की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तिचा नवरा म्हणतो, बघू.

पिशवी मागच्या बाकावर पोचली का? बंद ओढून पाहा. जोरात ओढा, ताई, संकोच करू नका.