परशुरामाचा सातबारा
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आपल्यातले काही जण संध्याकाळी चाळीतल्या सहावी-सातवीच्या पोरांना शिकवतात. आज त्यांच्याशीच बोलायचं आहे. विषय मिथकाचा.

पोरगं विचारतं, "दादा, ही गोष्ट खरी का खोटी?" आपण फटकन सांगतो, "खोटी! रचलेली!" पोरगं मान डोलावतं, घरी जातं आणि आजीच्या तोंडून तीच गोष्ट पुन्हा ऐकतं. आपल्या उत्तरातून त्याच्या हाताला काही लागत नाही. कारण खोटी तर कोल्ह्या-करकोच्याची गोष्टही असते. पण तिच्यापायी कुणाची जमीन गेली नाही, कुणाला तळ्यावरून हाकललं नाही. मग मिथकात असं वेगळं काय असतं?

मी गोदीत बोजा उचलणारा माणूस. म्हणून समुद्राचीच गोष्ट घेतो. परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, जिंकलेली सगळी जमीन कश्यपाला दान दिली. मग स्वतःला टेकायला जागा उरली नाही. त्याने बाण मारला, समुद्र मागे सरला, कोकण वर आलं. तिथे त्याने ब्राह्मण वसवले. सह्याद्रिखंडात ही कथा आहे.

पोरांना विचारा, हे कधी झालं? तारीख नाही. कुणी केलं? देवाच्या अवताराने. गोष्ट काय सांगते? ही जमीन मुळात आली कुठून ते. आणि शेवटी जमीन कुणाची झाली? इथे पोरं गप्प होतील. होऊ द्या. मग सांगा, मिथक म्हणजे बिनतारखेचा सातबारा. जग कसं झालं हे सांगता सांगता ते कुणाच्या नावावर चढलं हेही उरकून घेतं. तलाठी नाही, साक्षीदार नाही, अपील नाही. सही देवाची.

आता दुसरी गोष्ट. अठराव्या शतकाच्या शेवटाला, गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खाडी बुजवायला बांध घातला. लोक सांगतात, बांध सारखा ढासळायचा. मग इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून तिची मूर्ती काढली, तेव्हा कुठे बांध टिकला. ही दंतकथा. इथे काळ ठाऊक आहे, गव्हर्नरचं नाव ठाऊक आहे, त्या बांधावरून आज बस धावते. तपासता येत नाही ते फक्त स्वप्न. दंतकथा इतिहासाला चिकटून चालते. मिथक इतिहासाच्याही आधी जाऊन बसतं, जिथे आपला हात पोचत नाही.

आणि इतिहास? सात बेटांची ही मुंबई भराव टाकून एक झाली. प्रिन्सेस डॉक १८८० साली उघडला, व्हिक्टोरिया १८८८ ला, अलेक्झांड्रा १९१४ ला. समुद्र इथेही मागे सरला, पण बाणाने नाही. माणसांनी पाट्या वाहिल्या. त्यांच्या नावाचा सातबारा नाही, पुराणही नाही.

प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली झाडांची उभी खोडं सापडली. म्हणजे जिथे पाणी होतं तिथे कधीकाळी रान होतं. असं एक खोड सापडलं की इतिहासाला आपलं पान बदलावं लागतं. मिथकाला खोड दाखवा, दगड दाखवा, त्याचं काही बिघडत नाही. ही खूण पोरांना पक्की कळली पाहिजे.

आपल्याकडे हा धडा आधीच घेऊन झालेला आहे. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ ची. सगळी सवाल-जवाबात, धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. परशुराम चिरंजीव आहे ना? मग जोतीरावांनी त्याला चक्क नोटीस काढली, सहा महिन्यांत हजर हो! गोष्टीलाच तिच्या शब्दात धरली. अवतार म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्या, हे त्यांचं वाचन आजचे इतिहासकार जसंच्या तसं घेत नाहीत. पण या गोष्टीत हरलं कोण, हा त्यांचा प्रश्न अजून खणखणीत आहे. आणि असा प्रश्न फुकट विचारता येत नाही. बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' सरकारने १९८७ साली छापलं, तेव्हा राम-कृष्णावरचं प्रकरण काढा म्हणून गहजब झाला. ते राहावं म्हणून १९८८ च्या फेब्रुवारीत आपली माणसं याच मुंबईच्या रस्त्यावर उतरली.

आता अवघड भाग. एखादी पोरगी विचारेल, "मग बळीराजा?" तिथे कचरू नका. बळीलाही तारीख नाही. तोही मिथकच. वामनाने त्याला पाताळात घातला, तरी आपल्या आयाबाया दिवाळीला म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. हरलेल्याची आठवण त्यात जिवंत आहे, म्हणून ते मिथक आपल्याला जवळचं. पण जवळचं आहे म्हणून त्याला इतिहास म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या गोष्टीला एक माप आणि आपल्या गोष्टीला दुसरं, हे पोरांना लगेच कळतं.

आणि बाबासाहेबांना अवतार करू नका. ते परळच्या बीआयटी चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले, आपल्यासारख्याच खोलीत. २० मार्च १९२७ ला महाडला तळ्याचं पाणी प्याले. ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या आयुष्याला तारखा आहेत, हीच आपली ताकद. अवतारापुढे पोरगं हात जोडेल आणि निघून जाईल. चाळीतला माणूस एवढं शिकला हे कळलं, तर ते पुस्तक उघडेल.

म्हणून रविवारी पोरांना त्या चाळीचा जिना दाखवा. नंतर प्रत्येकाला घरून एक गोष्ट आणायला सांगा, आपल्या गावाची, देवाची नाहीतर जातीची. वहीत चार प्रश्न लिहून घ्या. तारीख आहे का? पुराव्याने ही गोष्ट बदलेल का? कुणाला काय मिळालं? कुणाचं काय गेलं?

उत्तरं त्यांना शोधू द्या. आपण फक्त खडू धरायचा.

जय भीम.