कर्णनाद : वनौषधी आणि मेंदूचे रसायन



सामायिकाच्या ४८ मिनिटांच्या शांततेत बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात शिट्टी किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकू यावी, यालाच कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेल्या २८ कर्णरोगांत त्याचा समावेश असून, शब्दवाहिन्यांतील बिघडलेला वायू हे त्याचे कारण सांगितले आहे.

आधुनिक विज्ञान या नादाचे मूळ बहुधा मेंदूत शोधते. वार्धक्य, गोंगाट व काही औषधे यांमुळे अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. कानाकडून येणारे संदेश क्षीण झाले की मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवितात. चेतापेशींना शांत करणारे ‘गाबा’ व उत्तेजित करणारे ‘ग्लुटामेट’ या रसायनांचा समतोल ढळतो आणि नसलेला ध्वनी ऐकू येतो, असे संशोधक मानतात. ८५ डेसिबलहून अधिक आवाजात रोज ८ तास राहणे श्रवणशक्तीस घातक असते. भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गोंदिया जिल्ह्यात यंत्रांजवळ काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

मग वनौषधींनी हा समतोल साधेल काय? सर्वाधिक अभ्यास झाला तो गिंको या वृक्षाच्या अर्काचा. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत त्याचा विशेष लाभ आढळला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनेही गिंको, जस्त आदी पूरके न सुचविण्याचा सल्ला दिला. ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निरुपद्रवी, असेही नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शिवाय अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते. अहिंसाव्रतींनी वेष्टन वाचूनच निर्णय घ्यावा.

उपाय मात्र आहेत. प्रथम कानाची व श्रवणाची तपासणी करावी. कधी साचलेला मळ हेच कारण निघते. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राने नादही सुसह्य होऊ शकतो. बोधात्मक वर्तनोपचाराने नाद थांबत नसला तरी त्याचा त्रास घटतो, असे २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत दिसून आले. रात्री पंख्याचा मंद आवाजही अनेकांना आधार देतो. एकाच कानात किंवा नाडीच्या ठेक्याने नाद येत असल्यास वैद्यकीय तपासणी टाळू नये. अचानक बहिरेपण आल्यास तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नादाकडे जितके लक्ष द्यावे तितका तो मोठा भासतो. जपात रमलेले मन त्यापासून दूर राहू शकते. परंतु जप हा तपासणीचा पर्याय नव्हे. साधना आणि विवेक यांची सांगड घालावी, हेच श्रेयस्कर.

जय जिनेंद्र!