रान कधी रांगेत उगवत नाही
(पावसाळ्याआधीच्या प्लॉटधारकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्लॉटवर झाड लावायचं म्हटलं की आपल्यातले पुष्कळ जण गप्प बसतात. भीती एकच. झाड वाढलं तर फॉरेस्टवाले म्हणतील, हे जंगल आहे, उठा इथून. ही भीती खोटी नाही. म्हणून आम्ही सांगतो, झाडं वावरात विखरून लावू नका, बांधावर रांगेत लावा. रान कधी रांगेत उगवत नाही. ती रांग माणसाच्या हातची आहे, हे कुणालाही दिसतं.

त्याला नर्सरीचं रोप नको, पैसा नको. पांगारा, मोई (कुठे शेमट म्हणतात), सातपुड्याकडे सालई, ही आपली झाडं फांदीपासून जगतात. कुपाला रोवलेला मोईचा खांब पावसात फुटतो, हे म्हाताऱ्यांना ठाऊकच आहे.

पण नीट लावा. मृगाच्या आधी, पालवी दाट होण्यापूर्वी फांदी घ्या. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच, सरळ. धारदार कोयत्याने तिरपी कापा. साल फाटली तर तिथून कुजते. लगेच पुरू नका. चार-पाच दिवस सावलीत ठेवा, काप वाळू द्या. पहारीने आधी खड्डा करा, फांदी ठोकू नका. बुडखा खाली, शेंडा वर. हात-दीड हात खोल पुरा, माती घट्ट दाबा, वरच्या कापाला शेणमाती लिंपा. पानं फुटली म्हणजे मूळ धरलं असं समजू नका. फांदीतल्या रसावरही पानं फुटतात. हलवून बघू नका, गुरांपासून राखा.

सागाची फांदी लावून फसू नका. सागाचं अंगठ्याएवढं जाड, वर्षाचं रोप घ्या. वर दोन बोटं खोड, खाली वीतभर मूळ ठेवून बाकी छाटा आणि पावसात लावा. शिसवाच्या मुळाला फुटवे येतात, ते राखा. मोहाचं बी मात्र ताजंच पेरावं लागतं.

आणि फांदी आपल्या नाहीतर शेजाऱ्याच्या बांधावरूनच घ्या, विचारून घ्या. राखीव जंगलातून आणली तर तेवढ्यावर केस करतील.

आता मुख्य गोष्ट. 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं कायम करायची, असं सरकारनंच 1978 साली ठरवलं होतं. आपल्याकडे मागतात तो कागद. दंडाची जुनी पावती असेल तर ती जिवापाड जपा. आज लावलेली फांदी जुन्या कसणुकीची साक्ष देणार नाही, ती आपली हद्द दाखवील. पण आपल्या बापाने लावलेला, कवेत न मावणारा पांगारा बांधावर उभा असेल, तर तो जुना साक्षीदार आहे. त्याला तोडू नका. पंचनाम्याला माणसं येतील तेव्हा त्याच्यापाशी उभे राहा. झाड कोणतं, घेर किती, कोणत्या बांधावर, सगळं लिहायला लावा. लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

या पावसात प्रत्येक प्लॉटच्या चारी बांधांना फांद्या लागल्या पाहिजेत. एकट्याने नाही, पाड्याने मिळून.

जिंदाबाद!