विजेची काटछाट



वसंत व्याख्यानमालांवर साहित्य, धर्म आणि राजकारण यांचा परंपरागत अंमल असताना, उल्हासनगरच्या कॅम्पांतील दुरुस्तीच्या दुकानांत जिला नुसते ‘एसएमपीएस’ (स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय) म्हणतात त्या लहानशा डबीवर बोलण्याची मुभा चालकांनी मला दिली, हे त्यांचे औदार्यच होय. तथापि अंबरनाथ-बदलापूरच्या श्रोत्यांना विषय परका वाटू नये. कारण विजेचे एक रूप मोडून दुसरे घडवण्याचा उद्योग आपल्या लोहमार्गाच्या आश्रयाने जवळजवळ शतकभर चालला आहे. 1929 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेसाठी ठाकुर्लीचे चोळा वीजगृह सुरू झाले. तेथली वीज प्रत्यावर्ती (एसी), आणि गाड्यांना हवी ती 1500 व्होल्टची दिष्ट (डीसी), तेव्हा मधल्या उपकेंद्रांत रूपांतराची अवजड यंत्रे बसवणे प्राप्तच होते.

घरातली अडचण त्याच जातीची, परंतु लहान मापाची. भिंतीतून येणारी वीज 230 व्होल्टची आणि सेकंदास 50 आवर्तने करणारी, तर राउटरला किंवा दाराशी लावलेल्या कॅमेऱ्याला हवे 12 व्होल्ट, तेही स्थिर. जुनी तजवीज अशी, की लोखंडी पत्र्यांच्या रोहित्राने दाब उतरवावा, डायोडने तो दिष्ट करावा, आणि उरेल तो अधिक दाब ट्रान्झिस्टरने उष्णतेच्या रूपाने उधळून टाकावा. 18 व्होल्टांतून 12 घ्यावयाचे तर एक तृतीयांश वीज नुसती तापण्यातच खर्ची पडते.

एसएमपीएसच्या नव्या पद्धतीत वीज रोहित्राविनाच प्रथम दिष्ट होते, धारित्रावर (कंडेन्सरवर) सुमारे 325 व्होल्टांचा दाब साठतो, आणि मग एक ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर तुकडे करून ते एका लहान रोहित्राकडे धाडतो. तो चालू असताना त्याच्यावर दाब जवळजवळ नसतो, बंद असताना त्यातून प्रवाह नसतो, आणि उष्णता ही या दोहोंच्या गुणाकारातून उपजत असल्यामुळे दोन्ही अवस्थांत नाममात्र राहते. खरा तोटा होतो तो मुख्यत्वे एका अवस्थेतून दुसरीत जाताना. या घाईचा दुसरा लाभ रोहित्राला मिळतो. हंड्याने सावकाश पाणी भरणारा आणि तांब्याने भराभर खेपा घालणारा असे दोघे दिवसाअखेर सारखेच पाणी भरू शकतात. तसे दर खेपेस थोडीच ऊर्जा वाहावयाची असल्याने, मुठीएवढ्या लोखंडाचे काम बोटाएवढ्या फेराइटच्या गाभ्याने भागते. रोहित्रापलीकडचा दाब किंचित ढळला की त्याची वर्दी ऑप्टोकपलरमधून, म्हणजे विजेचा स्पर्श न होऊ देता प्रकाशाच्या मार्गाने, मागे येते आणि नियंत्रक ट्रान्झिस्टरचा चालू राहण्याचा काळ वाढवतो अथवा घटवतो.

याच बंदोबस्तामुळे शंभर ते अडीचशे व्होल्टांच्या दरम्यान काहीही आले तरी पुष्कळसे चार्जर बिनबोभाट चालतात, आणि दूरचित्रवाणी संचाजवळ गुरगुरणारा स्टॅबिलायझर आमच्या घरांतून बहुतांशी हद्दपार झाला. भिंतीतला दाब उतरला की हा नवा पुरवठा तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी प्रवाह मात्र अधिक ओढते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. 1977 च्या ॲपल-दोन संगणकासाठी रॉड होल्ट यांनी असाच पुरवठा रचला, तेव्हा त्या संगणकाला पंखा लावावा लागला नाही. आज दिवाणखान्यातील एलईडी दिव्यापासून कारखान्यातील नियंत्रण-पेटीपर्यंत त्याचा संचार आहे. आमच्या लोकलनेही त्याच तत्त्वाचा मोठा अवतार धारण केला आहे: या शतकात मार्गावर 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली, आणि नव्या गाड्यांच्या पोटातील परिवर्तक ती दिष्ट करून, तुकडे पाडून, तीन कलांच्या मोटारींना देतात; ब्रेक लावताना मोटारींतून वीज तारेकडे परतही जाते. रोहित्र मात्र तेथे अजून जडच, कारण त्याला 50 आवर्तनांच्याच चालीने चालावे लागते.

दोष सांगितल्याविना ही हकिकत अपुरी राहील. स्वस्त अडॅप्टरमध्ये गोंगाट अडवणारी वेटोळी गाळलेली असतात, म्हणून जवळचा रेडिओ खरखरतो. उन्हाळ्यात बंद पेटीत कोंडलेला कंडेन्सर दर दहा अंशांच्या वाढीस अंदाजे निम्मे आयुष्य गमावतो. डोके फुगलेला कंडेन्सर पाहून कारागीर मीटर न लावताच निदान करतो. मात्र प्लग काढल्यावरही भिंतीच्या बाजूच्या कंडेन्सरवर तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहू शकतात, म्हणून अनुभवी हात पेटी उघडल्यावर प्रथम रेझिस्टर लावून तो रिकामा करतात, आणि मगच डाग देण्याची सळई तापवतात.