चार चाकांवरचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर या मंडळात मी हळदीकुंकवाच्या वाणांचा हिशेब ठेवला, भिशीचे पैसे मोजले, सतरंज्या घातल्या नि उचलल्या; पण माईकपुढे उभी राहण्याची ही पहिलीच खेप. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघे दर मे महिन्यात गाडीत बिऱ्हाड करून कोकणात जाता. सगळ्याजणी त्याचे मलाच विचारतात. आता तुम्हीच काय ते एकदा सांगून टाका." म्हणून उभी आहे. काही कमीजास्त बोलले तर सांभाळून घ्यावे.

आमची गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. शाळेच्या मुलांना ने-आण करणारी ती पिवळी मारुती ओम्नी. ही गाडी १९८४ साली प्रथम निघाली आणि २०१९ पासून नवी निघणे बंद झाले. आमची २०१४ सालची आहे. दहा महिने ती मुलांची, अन् मे महिन्यात आमची. शाळा सुटली की आमचे हे मागची बाके काढतात, मी आतून धुऊन काढते. खोडरबर, एका पायातला मोजा, डब्यातून सांडून वाळलेला पोहा, असे काय काय निघते! मग आत फळ्यांचा पाट बसतो. कुठे खिळा नाही की भोक नाही, कारण जूनमध्ये बाके पुन्हा जागेवर जायची असतात. पाटाखाली तीन पेट्या: एक शिध्याची, एक कपड्यांची, एक भांड्यांची.

गाडीची सगळी लांबी अकरा फूट, रुंदी पाच फुटांना कमी. त्यातले पुढचे आसन सोडले तर निजायला साडेपाच फूटच उरतात, आणि आमचे हे पावणेसहा फूट. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, ते आम्ही अक्षरशः करतो. हे कोनात निजतात आणि उरलेल्या कोनात मी. या गाडीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे घाट चढून आले की आसन तव्यासारखे तापते. निजण्याआधी तासभर दारे उघडी टाकून गाडी निववावी लागते.

वाट आमची ठरलेली. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. मग तवसाळच्या धक्क्यावर गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरायचे. पुढे मालगुंड, म्हणजे कवी केशवसुतांचे जन्मगाव, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस आणि आंबा घाटाने परत. बारा दिवस, सुमारे साडेपाचशे किलोमीटर. गेल्या खेपेस पेट्रोलला चार हजार शंभर रुपये पडले. शिधा घरचा, राहण्याचे भाडे नाही.

आता रोजचा दिवस सांगते. पहाटे पाचला उठायचे. चहा हे करतात. घरी तेवीस वर्षांत यांनी चहाचे पातेले उचलले नव्हते. गाडीत मात्र पेटी उघडायची तर एकाने खाली उतरावेच लागते, आणि जो उतरला तो चहाला लागतो, असा नियम आपोआप पडला. मी तोवर अंथरूण गुंडाळते. दहाच्या आत स्वयंपाक उरकते, कारण पुढे ऊन आणि वारा दोन्ही वाढतात. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक शेगडी. सकाळी कुकरात भात-वरण, रात्री कुळथाचे पिठले. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भडंग असतेच. शेगडी नेहमी गाडीबाहेर, वाऱ्याला आडोसा करून. आत कधीही पेटवायची नाही. बंद जागेत कोळसा किंवा गॅस जळला की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, आणि झोपेतले माणूस झोपेतच जाते. इंजिन चालू ठेवून निजण्यातही तोच धोका. म्हणून रात्री इंजिन बंद, शेगडी बाहेर, दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे उघड्या आणि त्यांवर मच्छरदाणीचे तुकडे.

पाण्याचा वीस लिटरचा एक कॅन दोघांना दिवसभर पुरतो: पिणे, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणे सगळे त्यात. भांडी आधी राखेने नाहीतर कागदाने पुसायची, मग दोन पाण्यांतून काढायची. घरी नळाखाली मी किती पाणी सोडते, हे मला गाडीत कळले. अंघोळ देवस्थानच्या भक्तनिवासात नाहीतर एखाद्याच्या विहिरीवर, त्यांना विचारून.

विचारून, हा शब्द महत्त्वाचा. कुठेही रात्री गाडी लावायची तर दिवस मावळण्याआधी गावात जाऊन पुजारी, पोलीस पाटील नाहीतर शेजारच्या घरची कर्ती बाई, कुणाला तरी सांगायचे. निर्जन किनाऱ्यावर आम्ही राहत नाही. हेदवीजवळ एका आजींना विचारले, "आजी, रात्रीपुरती गाडी लावू का अंगणाबाहेर?" त्या म्हणाल्या, "लावा हो, पण माडाखाली नको. नारळ काय विचारून पडत नाही." वाळूत तर गाडी घालायचीच नाही. भरती दिवसातून दोनदा येते, रोज पाऊण तासाने पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. सकाळी कोरडी पाहिलेली जागा रात्री कोरडी असेलच असे नाही.

आता ज्याबद्दल आपण बायका मोठ्याने बोलत नाही ते बोलते. प्रवासात बाईची खरी अडचण निजण्याची नाही, लघवीला जाण्याची आहे. पुरुष झाडाआड जातो. आपण काय करतो? पाणी पीत नाही. सकाळी एक घोट घेतला की संध्याकाळपर्यंत तोंड बंद. पहिल्याच वर्षी गुहागरला पोचेपर्यंत मला जळजळ सुरू झाली, ताप भरला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिले आणि म्हणाल्या, "पाणी न पिण्याने आणि तुंबवून ठेवण्यानेच हा त्रास होतो. निम्म्या प्रवासी बायका हेच दुखणे घेऊन माझ्याकडे येतात." तेव्हापासून आमचा नियम असा, की आधी शौचालय पाहायचे, मग मुक्काम ठरवायचा. पेट्रोल पंप, एस.टी. स्टँड, सुलभ शौचालय, देवस्थान, कुठे स्वच्छ आहे, कुठे कडी लागते, कुठे दिवा आहे, हे मी एका वहीत लिहिते. ती वही मी आज मंडळाच्या कपाटात ठेवणार आहे. तुम्ही जिथे जाल तिथली भर तीत घाला. देवदर्शनाला निघालेल्या बाईच्या ती पोथीइतकीच उपयोगी पडेल.

भगिनींनो, इथवर सगळे सोपे होते. अवघड होते ते घराचा उंबरा ओलांडणे. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला; घरी राहिल्या सासूबाई. २०२२ साली पहिल्यांदा निघायचे ठरले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री मला जवळ बसवून म्हणाल्या, "सूनबाई, माणूस घर पडल्यावर उघड्यावर निजतो. तुमचे घर उभे आहे ना?"

सासूबाईंचे माहेर पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या पहाटे घराबाहेर पडल्या त्या कित्येक दिवस घरात निजल्या नाहीत; थंडीचे दिवस, वर पाचटाचा मांडव आणि जमीन हलली की बायकांचा आकांत. त्यांच्या लेखी उघड्यावर निजणे म्हणजे संकट. त्यांना मी काय उत्तर देणार? मी पाया पडले आणि म्हटले, "बाराव्या दिवशी परत येते." बाराव्या दिवशी आले. पुढच्या वर्षीही आले. रोज रात्री कुठे मुक्काम आहे ते फोनवर कळवत गेले. आता चैत्र संपला की त्याच मेतकुटाची बरणी भरून पुढे ठेवतात. कोयनानगरवरून जाताना आम्ही गाडी थांबवून त्यांना फोन करतो. त्या विचारतात, "धरणात पाणी किती आहे?" तेवढेच विचारतात.

पण बारा दिवस त्यांच्याजवळ कोण? हा प्रश्न माझ्या धाकट्या वन्संनी सोडवला. त्या म्हणाल्या, "वहिनी, आईला मी पाहते. नोकरी करणाऱ्याला साहेब रजा देतो, तुम्हाला कोण देणार? आपणच एकमेकींना द्यायची." त्या बारा दिवस आमच्या घरी येऊन राहतात. दिवाळीनंतर त्यांच्या सासऱ्यांचे पथ्यपाणी मी आठ दिवस पाहते आणि त्या मुलांना घेऊन कुठे तरी जाऊन येतात. यात कुणाचा कुणावर उपकार नाही.

आणि या बारा दिवसांत मिळाले काय, तेही सांगते. आमचे हे पहाटे सहाला गाडी काढतात, तीन फेऱ्या करतात, संध्याकाळी दमून येतात. घरात आमचे बोलणे म्हणजे दूध आणले का, बिल भरले का. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या आणि दीड वर्ष ही गाडी दारात उभी राहिली. हप्ते थकले. हे रोज संध्याकाळी बंद गाडीत जाऊन एकटेच बसत. मला दिसत होते, पण विचारायला घरात जागा नव्हती. पुढे सासूबाई, मागे मुले. त्यावर दोन वर्षे गेली. पहिल्या खेपेस वेळणेश्वरच्या मुक्कामी पाऊस आला, दोघे गाडीत अडकून बसलो. तेव्हा यांनी आपणहून सांगितले, की गाडी विकायला गिऱ्हाईक आणले होते, सौदा झाला होता, आणि ज्या दिवशी पैसे घ्यायचे त्या दिवशी एका लहान मुलाने फोन करून विचारले, "काका, शाळा सुरू झाली की तुम्हीच येणार ना?" त्यावर यांनी गिऱ्हाईक परत पाठवले आणि भाजी वाहून दिवस काढले. हे मी दोन वर्षे शेजारी निजून ऐकले नव्हते. त्या रात्री मीही माझे पुष्कळ सांगितले. ते इथे सांगण्याजोगे नाही.

आम्ही भांडतही नाही असे समजू नका. वाट चुकली की भांडतो, मीठ विसरले की भांडतो. पण अकरा फुटांच्या गाडीत रुसून जायला दुसरी खोली नसते. फार तर आरशाकडे तोंड करून बसायचे, आणि आरशातही तेच माणूस दिसते!

प्रत्येकीने गाडी घेऊन कोकणात जावे असे माझे म्हणणे नाही. कुणाला गाडी नाही, कुणाची प्रकृती नाही, कुणाला हौस नाही. कुणाला माहेरी चार दिवस नुसते पडून राहायचे असेल, कुणाला पंढरपूर गाठायचे असेल. माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपण भिशी चालवतो, दर महिन्याला एकीला पैसे मिळतात. तशीच दिवसांची भिशी चालवावी. ज्या घरी म्हातारे माणूस, दुखणेकरी किंवा लहान मूल आहे, तिथे दोघी-तिघींनी वाटून चार दिवस पाहावे आणि त्या घरच्या बाईला मोकळे करावे. पुढे तिने दुसरीसाठी तेवढेच दिवस द्यावे. हिशेबाची वही मी ठेवीन. भिशीत आजवर माझा पैसा चुकलेला नाही, दिवसही चुकू देणार नाही. पहिले चार दिवस माझे लिहून घ्या. ज्या भगिनीला हवे असतील तिने कार्यक्रम संपल्यावर नाव सांगावे, लाजू नये.